सात पटर आणि एक उतार

कडूबाचा जन्म निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली झाला, दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याला. बाप लोकांच्या मळ्यात दारं धरायचा, म्हणजे पाटाचं पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात सोडायचा. कडूबा त्याच चिखलात वाढला. उकिडवं बसून, एक डोळा मिटून तो जमीन बघायचा आणि पाणी कुठं वळणार ते आधीच सांगायचा. कधी चुकला नाही.

पुढं शहरातल्या बड्या मंडळींनी दौलताबादच्या रस्त्याला गोल्फचं मैदान काढलं. गवत राखायला माणूस हवा होता, कडूबा कामाला लागला. भोकाभोवती मखमलीसारखं बारीक कातरलेलं गवत असतं, त्याला साहेब लोक ग्रीन म्हणतात. सातव्या भोकाचं ग्रीन कडूबानं एकेक काडी लावून स्वतः उभं केलेलं. पोटच्या पोरांचे केले नाहीत एवढे लाड त्यानं त्या गवताचे केले.

आता गोल्फ म्हणजे काय, तर सकाळभर उन्हात पाय तुडवायचे आणि शेवटी लिंबाएवढा चेंडू चार हातांवरच्या भोकात ढकलायचा. या ढकलण्यापुरती एक बुटकी काठी असते, तिला पटर म्हणतात. भोक एक, चेंडू एक, ढकलणारा एक. मग पटर किती लागावेत? तात्यासाहेबांकडं सात होते!

तात्यासाहेब पाटबंधारे खात्यातले निवृत्त मोठे इंजिनीअर. मैदानाच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. त्यांचा एक पटर पितळी, एक कुळवाच्या पात्यासारखा पसरट, एक विळ्यासारखा वाकडा, तर एक हनुवटीपर्यंत येणारा लांबलचक, गुराख्याच्या काठीसारखा. थैली वाहायला शौकत होता. तो पडेगावचा, जिभेनं तिखट.

सातव्या भोकावर तात्यासाहेबांचा चेंडू दर खेपेला डावीकडं घसरायचा. ते पटरकडं असं बघायचे, जणू नोकरानं तोंडावर उलट उत्तर दिलंय.

"हा पटर बिघडलाय, शौकत. दुसरा दे."

नवा पटर दोन दिवस चालायचा. का चालायचा? कारण अनोळखी काठी हातात आली की माणूस बिचकतो, वाकून बघतो, हलक्या हातानं मारतो. तिसऱ्या दिवशी ऐट परत यायची आणि चेंडू पुन्हा डावीकडं. मग तो पटर थैलीच्या तळाशी, आणि महिन्याभरानं तोच जुना पटर "अरे, हा किती चांगला होता!" म्हणून वर. एकट्या तात्यासाहेबांचंच हे खूळ होतं असंही नाही. कुणी डॉक्टर, कुणी कारखानदार, कुणी वकील. पण सगळ्यांच्या थैल्या पटरांनी भरलेल्या आणि सगळ्यांचे चेंडू डावीकडच्या नाल्याकडं.

कडूबानं घरी सांगितलं तेव्हा त्याची बायको भागूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "बरं झालं, बायका थैलीत मावत नाईत. नायतर त्यायच्या घरीबी सात असत्या."

खरी गोम कडूबाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. समोर किल्ल्याचा डोंगर, त्यानं नजर फसायची आणि ग्रीन सपाट दिसायचं. होतं मात्र डावीकडं उतरतं, नाल्याच्या अंगाला. एकदा त्यानं भीत भीत सांगून पाहिलं, "साहेब, जरा उजव्या अंगानं मारा."

"तू गवत काप," तात्यासाहेब म्हणाले.

कडूबानं गवत कापलं. त्या दिवसापासून कुणी पटरला नावं ठेवली की तो गंभीर चेहरा करून म्हणायचा, "व्हय साहेब, लईच खराब पटर." शिव्या पटर खात होता तोवर त्याचं गवत बिनघोर होतं.

मग स्पर्धेचा रविवार आला. तात्यासाहेब सातव्या भोकावर आले आणि सराव म्हणून एकामागून एक सातही पटर चालवून बघितले. सातही चेंडू डावीकडं गेले. आता कुणाला दोष द्यायचा? आठवा पटर नव्हता. त्यांची नजर कडूबावर आली.

"हे ग्रीनच नासलंय. या अडाण्यानं लावलंय ना! उद्या उखडून टाका सगळं. आणि याला कामावरून काढा."

हातातलं खुरपं खाली ठेवून कडूबा पुढं आला, चेंडूपाशी उकिडवा बसला.

"साहेब, तुमी कालवे काढले म्हनत्यात. एक सांगा. हितं घागरभर पानी वतलं तर कुठं जाईल?"

तात्यासाहेबांमधला इंजिनीअर जागा झाला. डोळे बारीक करून ते झटकन म्हणाले, "डावीकडं. नाल्यात. शेंबडं पोर सांगेल."

"मंग चेंडू काय उजवीकडं चढंल का, साहेब?"

शौकतला खोकल्याची उबळ आली. तात्यासाहेबांचे कान लाल झाले. हातात होता तोच विळ्यासारखा पटर धरून त्यांनी वीतभर उजवीकडं नेम धरला. चेंडू वळत वळत गेला आणि टुपकन भोकात पडला.

कडूबा उठून उभा राहिला.

"बघितलंस, शौकत?" तात्यासाहेब गरजले. "हाच पटर! मी म्हणत नव्हतो? हाच!" मग कडूबाकडं न बघता म्हणाले, "राहू दे हे ग्रीन."

ते पुढं गेल्यावर शौकत हळूच म्हणाला, "क्या कडूभाई! सिखाये तुम, और नाम हुआ डंडे का?"

"होऊ दे," कडूबा म्हणाला. "डंड्याला कुठं गवत राखायचंय?"

पुढच्या रविवारी तात्यासाहेब आठवा पटर घेऊन आले, अगदी तसाच, विळ्यासारखा. पहिला हरवला तर पंचाईत नको म्हणून! आठव्या भोकावर उतार होता उजवीकडं. तात्यासाहेबांनी सातव्यासारखाच उजवीकडं नेम धरला आणि चेंडू थेट झुडपात घातला. आधी त्यांनी पटरकडं बघितलं, मग कडूबाकडं.

"व्हय साहेब," कडूबा पाण्याची नळी सरळ करत म्हणाला, "ह्यो तर लईच खराब निघाला."