माहेरी कायमचं राहायला

सांगलीत माझा फ्लॅट आहे. दारावरच्या पाटीवर अजून यांचंच नाव आहे. हे गेल्यापासून मी तिथं एकटी. मूलबाळ नाही. जन्मभर शाळेत मराठी शिकवल्यामुळं बोलायची खोड जाता जात नाही, आणि बोलायला घरात कोण, तर फ्रीज. तो आपला घरघरतो. खोटं कशाला सांगू, संध्याकाळ झाली की रडू येतं.

वर्गात 'निवास'चे समानार्थी शब्द मी पोरांकडून घोकून घ्यायची. वास, वसती, वास्तव्य, सगळे एकाच 'वस्' धातूचे. त्या धातूचा अर्थ राहणं, आणि त्यातही रात्र काढणं. पोरांना हे पटायचं नाही. मला मात्र ते पुस्तकाच्या आधीपासून ठाऊक होतं. आम्ही जतकडचे, मेंढरंवाले. दिवाळी सरली की वडील मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे. वाटेत कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "आज वस्ती कुठं?" म्हणजे आजची रात्र कुठल्या रानात. बिऱ्हाड हा शब्दही म्हणे कानडीतनं आलाय, तिकडं बिडार म्हणजे उतरायची जागा. टिकाऊ असं त्यात काहीच नव्हतं.

आता धाकट्या भावानं मेंढरं कमी केलीत. थोडी ज्वारी, थोडं डाळिंब, रानातच सिमेंटचं घर. यंदा दसरा झाल्यावर मी मनाशी ठरवलं, जायचं आणि तिथंच राहायचं. फ्लॅटला कुलूप घातलं. उन्हाळ्याच्या, हिवाळ्याच्या सगळ्या साड्या, गोधडी, यांचा फोटो, सगळं पिशव्यांत कोंबलं. विचारायचं तेवढं बाकी होतं.

भावजयीनं पिशव्या बघून डोळे मोठे केले. "आवं वन्सं, लय सामान! हितनं फुडं कुठं जायचं हाय व्हय?"

"बघू," मी म्हटलं. एवढी मी शूर!

मग सुरू झाला पाहुणचार. प्यायचं पाणी टँकरचं, पण माझ्या अंघोळीला बादली काठोकाठ. पुरणपोळी झाली, धपाटी झाली. मी भांडी घासायला बसले तर हातातली राख तिनं काढून घेतली. भाकरीच्या पिठाला हात लावू देईना.

"अगं, मला काय मखरात बसवलंयस?" मी चिडलेच.

"माहेरवाशिणीला कामाला जुंपलं तर लोक मला काय म्हनतील? बसा गप."

शब्दच बघा. माहेरवाशीण, सासुरवाशीण. बाईचा वास कुणाकडं, ते आधी सांगायचं. हिनं एकदा तरी खेकसून "तेवढी चूल सारवा" म्हटलं असतं, तर मी जिंकले असते. कारण काम सांगतात ते घरच्या माणसाला. पाहुण्याला खाट टाकतात. त्या खाटेवर बसून मी सगळ्यांची लगबग बघत राहायची, आणि सांगलीच्या फ्लॅटमध्ये वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटायचं.

शेवटी एका संध्याकाळी भाऊ मेंढरं कोंडत होता, तिथं गेले. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मी इथंच राहू का रं?"

तो हसला. "आक्का, हे काय इचारनं झालं? तुजंच घर हाय. ऱ्हा की चांगली चार दिस!" आणि एका अडलेल्या कोकराला आत ढकलत त्यानं सहज विचारलं, "परतीची गाडी कवाची हाय? सोडाया येतो."

त्याच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. असतं तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला ऐकत नाही. पण माया करणाऱ्याशी भांडायचं कसं?

"सकाळची," मी म्हटलं. ते मी त्याच घटकेला ठरवलं.

त्यानं लगेच स्वयंपाकघराकडं तोंड करून हाळी दिली, "अगं, दसम्या करून ठेव. आक्का सकाळी घरला जायची हाय."