आधी एक्सक्यूज मी, मग सॉरी

साबणाच्या कारखान्याच्या फाटकाशी एक काचेची केबिन होती आणि तिच्यात माइकसमोर फरककाका बसायचे. आईबापांनी ठेवलेलं काहीतरी नाव त्यांना होतं खरं, पण पगाराचा दिवस सोडला तर ते कुणाला आठवत नसे. पाळी सुटली, ट्रक आला, कुणाची किल्ली सापडली, हे सगळं काका माइकवरून सांगायचे. हे झालं पोटापाण्याचं. बाकीचा जन्म त्यांनी इंग्रजी शब्दांच्या जोड्या फोडण्यात घालवला.

"दोन शब्दांचा अर्थ एकच असता तर इंग्रजाने दोन कशाला केले असते? तो काय खुळा होता?" हे त्यांचं ठरलेलं म्हणणं. मग येणाऱ्याजाणाऱ्याला धरून समजावत बसायचे. "शेड म्हणजे आपण जिच्यात बसतो ती सावली. शॅडो म्हणजे जी आपल्या मागे लागते ती. हाऊस म्हणजे ज्याचं भाडं भरतो ते. होम म्हणजे जिथे उशीर झाला तर कुणीतरी विचारतं ते."

"आणि हिअर अन् लिसन?" त्यांची बायको विचारायची.

"कानावर पडतं ते हिअर. ऐकून माणूस उठतो ते लिसन."

"मग लग्न झाल्यापासून तुम्ही हिअरच करताय," असं म्हणून ती पाण्याची बादली स्वतःच उचलायची.

या फरकापायीच काकांचं साडूशी फाटलं. साडू त्याच कारखान्यात बॉयलरवाले. बायका सख्ख्या बहिणी, डबाही दोघं एकाच बाकावर बसून खायचे. एकदा डबा धुवायला उठताना बॉयलरवाल्यांचा जाडजूड बूट काकांच्या अंगठ्यावर पडला. "एक्सक्यूज मी," ते म्हणाले.

"एक्सक्यूज मी पाय देण्याआधी," काका म्हणाले. "दिल्यावर सॉरी. सॉरी म्हण."

"माफी मागितली ना? मग झालं तर."

"झालं कसं? आधीची माफी वेगळी, नंतरची वेगळी."

"तुझा अंगठा दुखतोय की इंग्रजी?"

"इंग्रजी," काका म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद. एका खोलीत बसले तरी निरोप बायकांमार्फत. "त्यांना सांग, पंखा वाढवा," असं काका बायकोला सांगायचे, तोवर बॉयलरवाले पंख्याच्या बटणापाशी पोचलेले असायचे, पण बायकोने सांगितल्याशिवाय बटण फिरवायचे नाहीत. अंगठ्याचं नख गेलं, नवं आलं, भांडण मात्र जसंच्या तसं. आता याला काय म्हणावं? काकांना तेव्हापासून डबा गोड लागत नव्हता. पण सांगणार कुणाला? अलोन म्हणावं की लोनली, हेच त्यांचं ठरत नव्हतं.

आणि बॉयलरवाल्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको कायमचे मुलीकडे, दूरच्या गावी जाणार होते. म्हणजे जे काय बोलायचं ते आजच, नाहीतर राहिलंच. तोंडाने बोलायची काकांची छाती नव्हती. त्यांनी ठरवलं, माइकवरून साडूला असा शब्द द्यायचा की त्याचं मन भरून यावं.

रिटायर त्यांना पटेना. टायर म्हणजे दमणं, री म्हणजे पुन्हा. हा माणूस बॉयलरपाशी हयात घालवून एकदा दमलो म्हणाला नाही, आणि त्याला पुन्हा दमलेला म्हणायचं? त्यापेक्षा औषधाच्या बाटलीवर असतो तो शब्द बरा. मुदतीपर्यंत ताकद शाबूत, मुदत भरली की मानाने बाजूला. मेलेल्या माणसालाही लोक तोच शब्द लावतात, हे काकांना ठाऊक होतं. पण मरण्याला डाय आहे ना? मग याचा अर्थ वेगळाच असणार, लोक अडाणी.

"कळवताना ऊर भरून येतो," काका माइकवर म्हणाले, "आपले बॉयलरवाले आज एक्सपायर झाले. सर्वांनी पटांगणात जमावं."

कारखाना थांबला. आत्ताच बॉयलरवाल्यांकडून तंबाखू घेऊन आलेला पॅकिंगवालासुद्धा डोळे पुसत आला. माइकवर सांगितल्यावर स्वतःच्या डोळ्यांचं कोण ऐकतो? निरोपासाठी आणलेली फुलं तयारच होती. सगळे माना खाली घालून उभे राहिले. बॉयलरवाले सर्वांत शेवटी आले. यंत्राच्या आवाजात त्यांना नुसतं "एक्सपायर झाले" एवढंच ऐकू आलं होतं. त्यांनी टोपी काढली आणि स्वतःच्याच शोकसभेत मान खाली घातली.

"असा माणूस पुन्हा होणे नाही," मॅनेजर म्हणाले. "याने कधी कुणाला दुखावलं नाही."

"कोण हो?" बॉयलरवाल्यांनी शेजाऱ्याला हळूच विचारलं. "फार भला दिसतोय."

"बॉयलरवाले," शेजारी डोळे मिटूनच म्हणाला. मग त्याने डोळे उघडले आणि होता तिथेच बसला.

तेवढ्यात भिंतीपलीकडच्या क्वार्टरमधून दोघी बहिणी धावत आल्या. धाकटी बॉयलरवाल्यांची बायको. तिने नवऱ्याला उभं पाहिलं, खालून वर पाहिलं आणि रडतरडत म्हणाली, "मेलात ना? मग टोपी कशाला काढलीत, ऊन लागेल की."

बॉयलरवाले तडक केबिनकडे निघाले. मागून सगळा कारखाना. काकांनी काचेतून सगळं पाहिलं होतं. डाय आणि एक्सपायर यांतला फरक त्यांच्या अगदी ओठांवर होता. पण दारात साडू उभा राहिला. घामेजलेला, लालबुंद, जिवंत. काकांना एकदम कळलं की हा खरंच गेला असता तर आपण कुणाच्या तोंडाकडे पाहिलं असतं.

"सॉरी," ते म्हणाले. माइक चालूच होता. सगळ्या कारखान्याने ऐकलं.

बॉयलरवाले केबिनच्या आत आले. मग टेबलाखाली बघत म्हणाले, "पाय पुढे घे."

काकांनी चप्पल काढून पाय पुढे केला.

"एक्सक्यूज मी," बॉयलरवाले म्हणाले, आणि त्यांनी बूट अंगठ्यावर नीट ठेवून भार दिला. मग पाय उचलून म्हणाले, "सॉरी."

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"काय रे," बॉयलरवाल्यांनी विचारलं, "अंगठा दुखतोय की इंग्रजी?"

"अंगठा," काका म्हणाले.