दोन निवेदने आणि आप्पासाहेब

आप्पासाहेब भिलवडे यांना मी प्रथम पाहिले ते स्वारगेटच्या एसटी स्थानकात, चौकशीच्या खिडकीपाशी. राज्याचे परिवहनमंत्री म्हणून त्यांनी नुकतीच शपथ घेतली होती आणि विधिमंडळाचे कामकाज पाहणारी अधिकारी म्हणून त्यांच्या कार्यालयात माझी नेमणूक झाली होती. पहिली भेट विश्रामगृहात होईल अशा समजुतीने मी तिथे जाऊन बसले होते, तेवढ्यात निरोप आला, "साहेब स्वारगेटला आहेत, तिकडेच या." जाऊन पाहते तो वर्तमानपत्रातल्या छायाचित्रामुळे ओळखीचा झालेला चेहरा रांगेत उभा. साधा पायजमा-सदरा, खांद्यावर पिशवी. पाळी आल्यावर त्यांनी विचारले, "धायरीची गाडी कुठून सुटते?"

खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर केली नाही. "अहो, ही राज्याची चौकशी आहे, धायरीची नाही. सिटीबसचा थांबा बाहेर, उजव्या हाताला."

"बरोबर," आप्पासाहेब म्हणाले, "मी राज्याचीच चौकशी करायला आलोय."

आता मान वर झाली आणि ते गृहस्थ ताडकन उभे राहिले. "बसा, बसा," आप्पासाहेब म्हणाले, "मागे रांग खोळंबलीय." मग माझ्याकडे वळून हसले. "मी धायरीचाच. पण परगावच्या माणसाला कसं सांगतात ते ऐकायचं होतं. यांनी गोड सांगितलं नाही, पण नीट सांगितलं. आपलं खातं एवढं करू शकलं तरी पुष्कळ."

मंत्रालयात तोवर मी पाच-सहा मंत्र्यांच्या हाताखाली काम केले होते. खाते हाती आल्यावर माणसे आधी दालनाचे पडदे बदलतात, हा माझा अनुभव. आप्पासाहेबांनी पडदे तसेच ठेवले आणि मला एकच गोष्ट मागितली: आपल्या आधी या खुर्चीवर बसलेल्यांनी काय काय केले, ते सांगा. आम्ही दोघे आठवडाभर तेच बोलत होतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काळातल्या मंत्र्यांपुढे प्रश्न होता तो रस्ता नसलेल्या गावी गाडी न्यायची कशी, हा. पुढच्यांना गाड्या अपुऱ्या पडू लागल्या. त्यानंतरच्यांच्या वाट्याला परवाने, रिक्षांचे मीटर आणि संप आले. सगळे ऐकून आप्पासाहेब म्हणाले, "म्हणजे शैलाताई, गृहमंत्र्याला लोक भितात आणि परिवहनमंत्र्याला शिव्या देतात. मला हेच बरं. शिव्या देणारा माणूस निदान आपलं समजून देतो."

शिव्या भरपूर मिळाल्या. रोज सकाळी दालनाबाहेर गर्दी असे. कुणाला गावाला थांबा हवा असे, कुणाला मुलाची बदली, कुणाला शाळेच्या वेळेची गाडी. थांबा मागायला आलेल्याला ते नकाशासमोर उभे करत आणि विचारत, "तुमच्यासाठी थांबलो तर पुढच्या गावच्या पोरींची शाळा किती चुकेल?" बरीच माणसे स्वतःच मागणी मागे घेऊन जात. काही रागावून जात. त्यांनाही चहा मिळे.

त्यांच्या कारकिर्दीतली जी घटना मला सांगायची आहे ती त्यानंतरच्या एका अधिवेशनातली. पुण्याकडे येणारी एक गाडी घाट उतरताना डोंगराच्या कड्यावर आदळली. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही, पण बरेच प्रवासी जखमी झाले आणि चालकाचा पाय मोडला. सभागृहात लगेच प्रश्न उपस्थित झाला. खात्याकडून निवेदन आले आणि आप्पासाहेबांनी ते वाचले: प्राथमिक अहवालानुसार चालकाने गाडी बेदरकारपणे, अतिवेगाने चालवली, त्यास निलंबित करण्यात आले आहे. विरोधक शांत झाले. खात्यात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

शनिवारी सभागृहाला सुट्टी होती. आप्पासाहेब जखमींना भेटायला पुण्याच्या रुग्णालयात गेले. मी बरोबर होते. बायकांच्या वॉर्डात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, कुसुमताई. हात प्लॅस्टरमध्ये, नाकावर चष्मा, उशाशी वर्तमानपत्र. आप्पासाहेबांनी नमस्कार करून विचारले, "कसं वाटतंय आता?"

"हात दुखतोय. पण त्याहून हे जास्त दुखतंय." त्यांनी वर्तमानपत्राकडे बोट केले. "आपण सभागृहात जे बोललात ते वाचलं. एक विचारू? आपण त्या गाडीत होतात का?"

"नाही."

"मी होते. चालकाच्या मागच्याच बाकावर. तेव्हा आता जरा माझं ऐका."

आप्पासाहेब स्टूल ओढून बसले. कुसुमताईंनी वर्गात सांगावे तसे सांगितले. घाट लागल्यावर गाडी हळूच चालली होती. एका वळणावर चालकाने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, आणि मग ओरडून सांगितले, "ब्रेक लागत नाहीत, सगळे धरून बसा!" एका बाजूला दरी होती, दुसऱ्या बाजूला कडा. त्याने गाडी कड्यावर घातली आणि घातली ती स्वतःच्या बाजूने, म्हणजे पहिला दणका त्यालाच बसला. "आम्ही तीस-चाळीस माणसं आज इथे कण्हतोय, साहेब, ती त्याच्यामुळे. कण्हायला जिवंत आहोत."

आप्पासाहेब उठले. त्यांनी परिचारिकेला विचारले, "चालक कुठल्या वॉर्डात आहेत?"

इस्माईलभाई तांबोळी यांचा पाय वजन लावून वर टांगलेला होता. त्यांच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या पुण्यातच गेलेल्या, वडीलही चालकच होते. मंत्री आलेले पाहून त्यांनी उठायची धडपड केली. आप्पासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून झोपवले.

"तुमचं म्हणणं कुणी घेतलं का?"

"नाही साहेब. मी शुद्धीवर आलो तोवर कागद गेला होता."

त्यांच्या पत्नी रशिदाबी खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गाडीतल्या बायका घरी येऊन दुवा देऊन गेल्या, साहेब. आणि तुमच्या लेखी हे गुन्हेगार. मोहल्ल्यात आम्ही कुणाकुणाला सांगत फिरायचं?"

"चूप," इस्माईलभाई म्हणाले. मग आप्पासाहेबांना म्हणाले, "नोकरीचं काय व्हायचं ते होऊ द्या. पण घाटात वेगात होतो असं नका म्हणू. माझ्या बापाने मला घाट शिकवलाय."

आप्पासाहेबांनी मोडलेली गाडी आहे तशी ठेवायला लावली आणि अभियांत्रिकी महाविद्यालयातले एक प्राध्यापक बोलावून तपासून घेतली. ब्रेकची नळी आधीपासूनच तडकलेली होती. म्हणजे दोष चालकाचा नव्हता, देखभालीचा होता. देखभाल कुणाची? खात्याची. खाते कुणाचे?

इथून पुढे खरी परीक्षा होती. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सुचवले की, विभागीय चौकशीत तांबोळी यांना सन्मानाने कामावर घेऊ, सभागृहात पुन्हा विषय कशाला? पक्षातल्या एका ज्येष्ठांचा फोन आला. आप्पासाहेबांनी तो माझ्यासमोरच घेतला. पलीकडचा आवाज दालनभर ऐकू येत होता. "अहो, चालकाची चूक होती तोवर तुम्ही मंत्री. खात्याची चूक म्हणालात की तुम्ही आरोपी. राजीनामा मागतील, आणि आम्ही वाचवायला येणार नाही." आप्पासाहेब "विचार करतो" म्हणाले आणि फोन ठेवला. ते घाबरले नव्हते असे मी म्हणणार नाही. त्या दिवशी त्यांचा चहा दोनदा निवला.

पुढच्या रविवारी सकाळी काही कागदांवर सह्या घ्यायला मी धायरीला गेले. तेव्हा धायरीत शेते होती. आप्पासाहेबांच्या पत्नी, आमच्या हिराकाकू, पडवीत घेवडा निवडत होत्या आणि आप्पासाहेब शेजारी गप्प बसले होते. काकूंनी मलाच विचारले, "काय झालंय, ह्ये रातभर कूस बदलत्यात. बोलत काय न्हाईत."

मी आप्पासाहेबांकडे पाहिले. त्यांनीच सांगितले, थोडक्यात. काकूंनी शेंगा मोडणे थांबवले नाही.

"म्हंजी खुर्ची जाईल म्हणून भ्या वाटतंय व्हय?"

"वाटतंय."

"खुर्ची गेली तर एसटीनं हिंडू, तिकीट काढून. आधी हिंडतच व्हतो की. त्या माणसाचं नाव गेलंय, ते कुठं इकत मिळतंय का?"

आप्पासाहेबांनी माझ्याकडे वळून सांगितले, "शैलाताई, निवेदन मी स्वतः लिहितो. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा."

त्यानंतर सभागृह भरले तेव्हा मी अधिकाऱ्यांच्या सज्जात बसले होते. आप्पासाहेब उभे राहिले. "अध्यक्ष महोदय, काही दिवसांपूर्वी मी या सभागृहात चालक इस्माईल तांबोळी यांच्याविषयी जे बोललो ते खरं नव्हतं. ते वेगात नव्हते. गाडीचे ब्रेक निकामी झाले होते, आणि ती जबाबदारी माझ्या खात्याची, म्हणून माझी आहे. त्यांनी स्वतःला पुढे करून सगळ्या प्रवाशांचे प्राण वाचवले. मी त्यांचं निलंबन रद्द केलं आहे आणि या सभागृहात त्यांची माफी मागतो."

 समोरच्या बाकांवरून एकच गलका उठला, "राजीनामा, राजीनामा!" मागची, त्यांच्याच पक्षाची बाके मान खाली घालून बसली. आप्पासाहेब गलका ओसरेपर्यंत उभे राहिले. "ही मागणी रास्त आहे की नाही, ते मुख्यमंत्री ठरवतील. ज्या ठिकाणी मी एका माणसाचं नाव घालवलं, त्याच ठिकाणी ते परत द्यायचं होतं. ते दिलं," एवढे बोलून ते बसले.  

राजीनामा घेतला गेला नाही. पण पुढच्या फेरबदलात त्यांचे खाते गेले आणि मंत्रिपद त्यांच्याकडे पुन्हा आले नाही. मधल्या काळात घाटाची गाडी निघण्यापूर्वी तिचे ब्रेक स्वतंत्रपणे तपासायचे आणि चालकाची खात्री झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, अशी पद्धत त्यांनी लावून दिली. इस्माईलभाई बरे झाले, पुन्हा गाडीवर गेले आणि निवृत्त होईपर्यंत घाट उतरत राहिले. त्यांच्या लेकीच्या लग्नात आप्पासाहेब आणि काकू पहिल्या पंगतीला होते. कुसुमताईही होत्या. त्यांनी आप्पासाहेबांना जवळ बोलावून सांगितले, "दुसऱ्या खेपेला तुम्ही उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालात." पुण्यात यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मिळत नाही.

माझ्यावरचे त्यांचे उपकार सांगू लागले तर लेख लांबेल. माझी आई आजारी असताना सायंकाळच्या बैठका ते स्वतःच आटोपत्या घेत आणि कुणी कारण विचारले तर सांगत, "मला भूक लागलीय." खरे कारण मला पुढे शिपायाकडून कळले.

आज धायरीत शेते उरली नाहीत. इमारतींमधून वाट काढत त्यांच्या घरी जावे लागते. नात हिंजवडीला नोकरीला आहे, तिची कंपनीची बस रोज कोंडीत अडकते, आणि त्याबद्दल ती आजोबांनाच बोलते. लोकही अजून फोन करतात, "आप्पा, आमचा थांबा हलवला बघा." मी आता मंत्री नाही, असे ते कुणालाच सांगत नाहीत. काठी घेतात आणि थांबा बघायला जातात.

या गौरवग्रंथासाठी लिहिणार म्हणून गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. मी काय लिहिणार आहे ते त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते निवेदन लिहा, हरकत नाही. पण आधीचंही लिहा. नुसतं दुसरंच लिहिलंत तर वाचणाऱ्यांना वाटेल, हा माणूस पहिल्यापासूनच शहाणा होता."

म्हणून दोन्ही लिहिली. आप्पासाहेब, आपण शंभरी पाहावी, हिराकाकूंच्या सोबतीने पाहावी, गुडघे आणि कान शाबूत राहावेत. आणि चुकलेले शब्द ज्या ठिकाणी उच्चारले त्याच ठिकाणी उभे राहून ते दुरुस्त करण्याचे आपले बळ आमच्यातल्या निदान काहींच्या अंगी येवो, हे पाहण्याइतके दीर्घ आयुष्य आपल्याला लाभो.