घटपर्णीला बांधलेली चिंधी

मंडळी, आज सकाळी अंगणातल्या कुंडीतल्या घटपर्णीच्या मादी झाडाच्या तुऱ्याला मित्राने चोपड्याहून पाठवलेला पराग कुंचल्याने लावला. माश्यांनी दुसऱ्याच जातीचा पराग आणू नये म्हणून तुऱ्यावर मलमलीची पिशवी बांधली आणि पूजेला बसलो.

उठून पाहतो, तर पिशवीशेजारी लाल चिंधी, हळदकुंकू आणि हात जोडून उभ्या शेजारच्या अक्का!

"अक्का, हे काय?"

"नाना, तू बी बांधेल शे ना? मंग झाड नवसनं शे!"

"अहो, हे झाड माश्या खातं."

"खाऊ दे. मना पोऱ्यानं लगीन जमू दे."

दुपारपर्यंत आणखी दोन चिंध्या आल्या. उद्या कोणी पिशवीच सोडली तर? मी कुंडी उचलून देवघराकडे निघालो.

बायको म्हणाली, "मांसाहारी झाड देवघरात नको हं!"

तरी कुंडी देवघरातच नेऊन ठेवली, अक्कांच्या चिंधीसकट. बी धरावं म्हणून कापड बांधून मी तरी दुसरं काय करतोय?