केंद्राआधीचं पाणी

लीलाताई सामंत गेल्याचं मला बोईसर स्टेशनबाहेर कळलं. आमचे जीपचालक म्हणाले, "ताई गेल्या. सकाळी, झोपेतच." मी 'बरं' म्हणालो आणि सामान गाडीत चढवत राहिलो... काही आठवडे झाले, अजून त्या 'बरं'च्या पुढे मी सरकलेलो नाही.

तारापूरचं अणुवीजकेंद्र अजून बांधून व्हायचं आहे. ते सुरू होण्याआधी इथलं समुद्राचं पाणी आणि मासे कसे आहेत, हे मोजून ठेवायचं काम ताईंकडे होतं. मी त्यांच्या हाताखाली होतो. पाण्याचा पहिला नमुना घेण्याआधी त्यांनी आम्हाला कितीतरी दिवस नुसतं बसवून ठेवलं. कोणता आकडा कोणी लिहायचा, प्रती कुठे कुठे ठेवायच्या, त्या कोणाला दाखवायच्या, हे सगळं आधी ठरलं पाहिजे म्हणाल्या. आम्ही कंटाळलो. निष्कर्ष गावांनाही कळवायचे, या आमच्या आराखड्यातल्या कलमावर मुंबईच्या वरिष्ठांनी काट मारली, तेव्हा ताई खेटे घालून ते मंजूर करून घेऊन आल्या.

पुढे एका हिवाळ्यात केंद्रामुळे समुद्राचं पाणी विषारी झाल्याची अफवा उठली आणि मनोरच्या बाजारात किनाऱ्यावरच्या एडवण गावची मासळी कोणी घेईना. तिथली मासळी विकणारी हिराबाई भरलेली पाटी तशीच घेऊन आमच्या प्रयोगशाळेच्या दारात आली. "पान्यात इख हाय म्हनतात, ताई. आमी काय करायचा?" केंद्र तर अजून सुरूही झालं नव्हतं. ते कलम आधीच मंजूर असल्याने कोणाची परवानगी मागायची नव्हती; ताई सरळ एडवणला गेल्या आणि किनाऱ्यावर बसून सगळे आकडे सोप्या भाषेत समजावून सांगितले. होडीवरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे नाखव्याने, विचारलं, केंद्र चालू झाल्यावर काय? ताई म्हणाल्या, "ते आज मला माहीत नाही. तेव्हा पुन्हा मोजू, आणि निघेल ते इथे येऊन सांगू. वाईट निघालं तरी."

बाजार हळूहळू सावरला. पुरता नाही.

केंद्र सुरू व्हायच्या आतच ताई गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना मला फारसं काही सांगावंच लागलं नाही. सगळं जिथल्या तिथे होतं. काम थांबलं नाही. ताईंना हेच हवं होतं, हे कळतं. तरी कुठेच काही अडलं नाही याचा राग यायला हवा होता... तोही येत नाही. हिराबाईने विचारलं, आता सांगाया कोन येनार? मी येईन म्हणालो.

आकडा लिहिला की तो मोठ्याने वाचून दाखवायचा, ही ताईंची शिस्त. त्या ऐकून 'हं' म्हणत, मगच पुढचा आकडा. मी अजून वाचतो आणि थांबतो. नवे साहेब समजूतदार आहेत, घाई करत नाहीत. मग मी पुढचा वाचतो.