गोणीमागे बाटली

चाळीसगावचे एक खतदुकानदार शेतकऱ्यांसाठी मी लिहिलेलं प्रत्येक पत्रक गिऱ्हाइकांना उभं राहून वाचून दाखवतात. 'सबसिडी युरियाला नको, लहान शेतकऱ्याच्या शेणखताला द्या' या ओळीला गल्ल्यावर थाप मारतात. "बठ्ठं खरं शे, भाऊ!"

परवा मी दुकानात बसलो असताना डोंगराकडच्या एका अक्काला युरियाची एकच गोणी हवी होती. दुकानदारांनी सवयीने गोणीवर पिकाच्या टॉनिकची महागडी बाटली ठेवली. बाटलीशिवाय गोणी मिळत नाही.

"माले बाटली नही लागस, नाना."

त्यांनी माझं पत्रक तिच्यापुढे धरलं. "कंपनीच आमनावर लादस, अक्का. हाई देख, छापेल शे. यानीच लिखेल शे."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. लिहिलं मीच होतं आणि ते खरंही होतं. मी मान हलवली. तिने पदराची गाठ सोडून दोन्हींचे पैसे दिले.