पाठ पुसलेला कोल्हा

धसईच्या फ्रेमवाल्याने मला फसवलं. तोंडात खिळे धरूनच बोलतो, त्यामुळे त्याचं हो आणि नाय सारखंच ऐकू येतं. कुठलाही फोटो आला की आधी कपाळाला लावतो, मग त्याची पाठ पुसतो. वाळवी पाठीकडून लागते, असं त्याचं म्हणणं.

टीव्हीवरच्या जुन्या कार्टूनची हाताने रंगवलेली मूळ चित्रं मी जमवतो. पारदर्शक प्लास्टिकवर पुढून नुसत्या काळ्या रेघा असतात, रंग मागून भरलेला असतो. माझा छत्रीवाला कोल्हा त्याला दिला आणि घासाघीस करून साफसफाई फुकटात पदरात पाडून घेतली.

आठवड्याने गेलो, तर कोल्ह्याच्या पोटातून मागचा पुठ्ठा दिसत होता.

"रंग कुठे गेला रे?"

त्याने खिळे हातात काढले. "पाठीला लय चिकटलं व्हतं, शेठ. साबणाने निघंना, मग नखाने काढलं. अख्खी सकाळ गेली."

मी दुकान डोक्यावर घेतलं.

"तुमीच बोलला ना, साफ पायजे?"

तसं चित्र दुसरं नाही. रंग कोणीतरी मुद्दाम लावला असेल, असं अख्ख्या सकाळीत त्याला एकदाही का वाटलं नाही, याचं उत्तर त्याने मला द्यावं.